युद्धकालीन नेते आणि चित्रपट

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) चित्रपट हे करमणुकीबरोबरच लोकमत घडविण्याचे प्रभावी साधन बनले. त्यामुळे तत्कालीन नेत्यांचा चित्रपटाशी आलेला संबंध केवळ वैयक्तिक आवडीनिवडीपुरता राहिला नाही.

ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांना अलेक्झांडर कोर्डा यांचा लेडी हॅमिल्टन (१९४१) हा चित्रपट विशेष प्रिय होता. ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्ट यांच्या भेटीस जाताना युद्धनौकेवर त्यांनी तो पुन्हा पाहिला. हिटलर युद्धापूर्वी नियमितपणे कथापट पाही; युद्ध सुरू झाल्यावर मात्र त्याने आपले लक्ष मुख्यतः वार्तापटांवर केंद्रित केले. स्टालिन क्रेमलिनमधील खाजगी चित्रपटगृहात रात्री उशिरापर्यंत चित्रपट पाहत असे. आयझेनस्टाइनच्या इव्हान द टेरिबल या चित्रपटाच्या पहिल्या भागास स्टालिन पारितोषिक मिळाले, तर दुसऱ्या भागावर १९४६ मध्ये बंदी आली; तो १९५८ मध्ये प्रदर्शित झाला. सत्ताधीशाची अभिरुची कलावंताला तारक व मारक कशी ठरते, याचे हे ठळक उदाहरण होय.

भारतात ब्रिटिश सरकारने १९४० मध्ये मुंबईत चित्रपट सल्लागार मंडळ स्थापन केले आणि १९४३ मध्ये संमत लघुपट दाखविणे चित्रपटगृहांना सक्तीचे केले. याच काळात लोकनेते महात्मा गांधी या माध्यमापासून दूर होते. भारतीय चित्रपट चौकशी समितीने (१९२७–२८) पाठविलेल्या प्रश्नावलीस उत्तर देताना, आपण चित्रपट कधी पाहिला नसून त्याचे दुष्परिणाम उघड आहेत, असे त्यांनी कळविले. १९३९ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी फिल्मइंडिया मासिकातील अनावृत पत्राद्वारे त्यांना या मताचा फेरविचार करण्याची विनंती केली.

‘छोडो भारत’ आंदोलनात ९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक झालेल्या गांधीजींची पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून ६ मे १९४४ रोजी सुटका झाली. प्रकृतिस्वास्थ्यासाठी मुंबईत जुहू येथे असताना त्यांना मिशन टू मॉस्को हा अमेरिकन युद्धप्रचारपट आणि नंतर विजय भट्ट यांचा रामराज्य (१९४३) हा चित्रपट दाखविण्यात आला. रामराज्य हा त्यांनी पाहिलेला एकमेव भारतीय चित्रपट मानला जातो. त्यांचे चित्रपटाविषयीचे मूळ मत मात्र त्यानंतरही बदलल्याचे दिसत नाही.

याउलट चित्रपटाने गांधीजींना फार आधी आपलेसे केले होते. भक्त विदुर (१९२१) या मूकपटातील विदुराचा वेश गांधीजींच्या वेशाशी मिळताजुळता असल्याने काही प्रांतांत त्यावर बंदी आली. मराठवाड्यातील पैठणचे संत एकनाथ यांच्यावरील प्रभातच्या बोलपटाचे महात्मा हे नाव अभ्यवेक्षकांनी नाकारल्यामुळे तो १९३५ मध्ये धर्मात्मा या नावाने प्रदर्शित झाला. ए. के. चेट्टियार यांनी देशोदेशीची चित्रफीत जमवून गांधीजींवरील अनुबोधपट १९४० मध्ये पूर्ण केला. इतर नेत्यांनी चित्रपटाचा वापर केला. गांधीजींच्या बाबतीत नाव व वेश यांचा नुसता भासही राज्यकर्त्यांना धोक्याचा वाटला. चित्रपटाचे सामर्थ्य ते न पाहणाऱ्या नेत्याच्या संदर्भातही तितकेच प्रत्ययास येते.