काठिण्यपातळी निवडताना

लपंडावात किंवा विटीदांडूत एखादे चार-पाच वर्षांचे मूल खेळायचा हट्ट धरून बसले, की मोठी मुले त्याला ‘कच्चा लिंबू’ ठरवून खेळात घेतात. ते पकडले गेले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. त्याचा आनंद टिकतो आणि इतरांचा डावही मोडत नाही. जालना जिल्ह्यातील गोदाकाठच्या शहागडसारख्या गावापासून मुंबईच्या चाळींपर्यंत ही रीत कोणत्याही नियमपुस्तकाविना चालत आली. व्हिडिओ गेम सुरू करताना पडद्यावर ‘सोपे, मध्यम, कठीण’ असे पर्याय उमटतात, तेव्हा याच जुन्या तडजोडीचे यांत्रिक रूप समोर असते. फरक इतकाच, की येथे आपण कच्चे लिंबू आहोत की नाही, हे खेळाडूला स्वतःच ठरवावे लागते.

१९७७ साली आलेल्या ‘अटारी २६००’ या यंत्रावर त्यासाठी चक्क दोन खटके होते, प्रत्येक खेळाडूसाठी एक. त्यामुळे तरबेज आणि नवखा खेळाडू एकाच खेळात वेगवेगळ्या पातळीवर उतरू शकत. पुढे हे खटके जाऊन त्यांची जागा पडद्यावरील यादीने घेतली.

पडद्यामागे काय बदलते?

‘कठीण’ निवडल्यावर यंत्र अधिक बुद्धिमान होते, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक वेळा बदलतात ते केवळ आकडे. १९९३ च्या ‘डूम’ या खेळात सर्वांत सोप्या पातळीवर खेळाडूला होणारी इजा निम्मी होते, हाती लागणारी काडतुसे दुप्पट होतात आणि शत्रूंची संख्याही कमी असते. काही खेळ तर न विचारताच पातळी बदलतात. २००५ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ मध्ये खेळाडू वारंवार मरू लागला, की शत्रूंचा जोर गुपचूप ओसरतो. तो सफाईने खेळू लागला, की पुन्हा वाढतो.

या साऱ्यामागील विचार मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी १९९० च्या ‘फ्लो’ या ग्रंथात विस्ताराने मांडला. काम कौशल्यापेक्षा फार अवघड असेल तर मनुष्य धास्तावतो आणि फार सोपे असेल तर कंटाळतो. या दोहोंमधील चिंचोळ्या पट्ट्यात तो देहभान विसरून रमतो. कौशल्य वाढत जाते तसा हा पट्टाही सरकत जातो. म्हणूनच एकदा निवडलेली पातळी कायमची योग्य ठरत नाही.

लाज कशाची?

सोपी पातळी निवडण्याचा संकोच काही अंशी खेळ बनविणाऱ्यांनीच पेरला. १९९२ च्या ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’ मध्ये सर्वांत सोप्या पातळीचे नाव ‘बाबा, मी खेळू का?’ अशा अर्थाचे होते आणि शेजारी नायकाला तान्ह्या बाळाचे टोपडे घातलेले चित्र होते. वास्तविक खेळ घडविणाऱ्यांनाही सवलत लागतेच. जपानमधील कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो यांना १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ची चाचणी घेताना तो खेळ अतिशय अवघड वाटला. म्हणून त्यांनी बटणांचा एक गुप्त क्रम त्यात घातला. तोच क्रम पुढे ‘कॉन्ट्रा’मध्ये तीस आयुष्ये देणारा म्हणून जगभर प्रसिद्ध झाला.

याला दुसरी बाजूही आहे. २०१९ च्या ‘सेकिरो’मध्ये पातळी निवडण्याची सोयच नव्हती, तेव्हा मोठा वाद झाला. सर्वांनी एकच डोंगर चढावा, त्यातच त्या खेळाची गोडी आहे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. परंतु ज्याची बोटे आजाराने आखडली आहेत, त्याच्यासाठी तो डोंगर मुळातच अधिक उंच असतो. २०१८ च्या ‘सेलेस्ट’ने यावर एक तोड काढली. हा खेळ मूळचा कठीणच आहे. मात्र ज्याला गरज असेल, त्याला खेळाचा वेग निम्म्यापर्यंत उतरविता येतो.

निवड कशी करावी?

सुरुवात सहसा मध्यम पातळीने करावी. बहुधा तीच गृहीत धरून खेळाची रचना झालेली असते. एकाच ठिकाणी अनेकदा हरल्यावर आपली चूक कळत असेल, तर पातळी योग्य आहे. चूक कळूनही हात साथ देत नसेल, तर एक पायरी उतरावी. काही खेळांत मध्येच पातळी बदलता येत नाही, हे आरंभीच पाहून घ्यावे. २००१ च्या ‘सायलेंट हिल २’ प्रमाणे काही खेळांत लढाई आणि कोडी यांची काठिण्यपातळी वेगवेगळी ठरविता येते. हात मंदावलेल्या पण बुद्धी तल्लख असलेल्या वडीलधाऱ्यांना ही सोय विशेष उपयोगी पडते.

जेथे निवडच नसते

परंतु घरातील एकाच मोबाईलवर आळीपाळीने खेळणाऱ्या मुलांच्या वाट्याला बहुधा फुकटात मिळणारे खेळ येतात आणि त्यांतील अनेकांत पातळीची यादीच नसते. ‘कँडी क्रश’चेच पाहा. पाच आयुष्ये संपली, की एक परत मिळायला अर्धा तास थांबावे लागते. चाली संपल्या, तर आणखी चाली विकत मिळतात. येथे अवघडपणा हा खेळाचा रस राहत नाही, तो विक्रीचा माल होतो. मूल चिडून पैसे मागू लागले, तर त्याच्या हट्टाला बोल लावण्याआधी पालकांनी हा खेळ कोणाच्या सोयीने अवघड झाला आहे, हे तपासावे आणि मुलालाही ते समजावून सांगावे. गल्लीतल्या कच्च्या लिंबाकडून सवलतीचे पैसे कोणी मागत नाही.