कपडे बिनचूक, पण हिशेबाचं काय?

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात पाइनडेल नावाचं छोटं गाव आहे. जुलैतल्या मेळाव्याला तिथे गेलात, तर कातड्याचे कपडे घातलेली, ठासणीची बंदूक घेतलेली माणसं दिसतील. हे हौशी लोक 'माउंटन मॅन', म्हणजे रॉकी पर्वतात सापळे लावून बीव्हर पकडणारे शिकारी, उभे करतात. अशा बऱ्याच छावण्यांचा नियम कडक असतो: १८४० नंतरची वस्तू दिसता कामा नये. प्लास्टिकची बाटलीसुद्धा नाही!

१८४०च का? कारण त्या वर्षी शेवटचा मोठा 'राँदेव्हू' भरला. राँदेव्हू म्हणजे डोंगरातला उन्हाळी बाजार. १८२५ मध्ये विल्यम ॲशलीने तो सुरू केला. शिकाऱ्यांनी वर्षभर डोंगरातच राहायचं. व्यापाऱ्याने माल तिथवर आणायचा आणि कातडी घेऊन जायची. बीव्हरच्या आतल्या मऊ केसांचं फेल्ट व्हायचं, फेल्टच्या हॅट. पुढे रेशमी हॅटची फॅशन आली, ओढ्यांतले बीव्हरही संपत आले, आणि धंदा बसला.

आता खरी गंमत. आपल्या डोक्यातला माउंटन मॅन एकटा, कुणाचं न ऐकणारा असतो. प्रत्यक्षात बरेच जण कंपनीचे पगारी नोकर होते. बाजारात साखर, कॉफी, दारू मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने मिळे. वर्षाची कमाई काही दिवसांत उडे, आणि पुढच्या हंगामासाठी पुन्हा उधारी. कातडी कमावण्याचं बरंचसं काम शोशोनी, क्रो अशा जमातींतल्या बायका करत. अनेक शिकाऱ्यांनी त्यांच्याशी संसार थाटले होते. जेम्स बेकवर्थ हा नावाजलेला शिकारी तर गुलामगिरीत जन्मलेला कृष्णवर्णीय होता. आणि श्रीमंत कोण झालं? न्यूयॉर्कमध्ये बसलेला जॉन जेकब ॲस्टर.

मग या हौशी लोकांना हसायचं का? मुळीच नाही. ठासणीची बंदूक भरायला किती वेळ जातो, गार ओढ्यात सापळा लावताना बोटं कशी बधिर होतात, हे नुसतं वाचून कळत नाही. ते ज्ञान त्यांच्या हातांत आहे. पण कर्ज असं अंगावर चढवता येत नाही. मेळावा संपला की माणूस गाडीत बसून घरी जातो. त्या शिकाऱ्याला खातेवही सोडत नव्हती.

म्हणून पुढच्या वेळी असा फोटो पाहिलात, तर टाके जरूर बघा. आणि एवढंच विचारा: हे कातडं कमावलं कुणी, आणि पैसे गेले कुणाकडे?