काचेची पाटी : लहान की मोठी?



'टॅब्लेट' म्हटले की काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या खेड्यांत औषधाची गोळीच डोळ्यांसमोर येत असे. आज त्याच नावाची काचेची पाटी शाळकरी मुलांच्या हाती दिसू लागली आहे. धान विकून पैसा हाती आला म्हणजे कटंगीच्या आसपासच्या घरांतून प्रश्न निघतो : मुलांसाठी ही पाटी घ्यावयाची तर स्वस्तातली लहान घ्यावी की नामांकित कंपनीची मोठी? शहरातल्या पगारदाराला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरचा वर्षाचा हिशेब पोत्यांवर चालतो, त्या घराला तो क्षुल्लक नाही.

म्हणून प्रथम धानाच्या भाषेतच बोलू. २०२५-२६ च्या हंगामासाठी साध्या धानाचा सरकारी हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. सॅमसंगची ८.७ इंची 'गॅलॅक्सी टॅब ए-९' ही लहान पाटी २०२३ च्या ऑक्टोबरात भारतात आली, तेव्हा तिची किंमत १२,९९९ रुपयांपासून सुरू होत होती; म्हणजे साडेपाच क्विंटल धान. ॲपलचा ११ इंची साधा 'आयपॅड' २०२५ च्या मार्चमध्ये ३४,९०० रुपयांना आला. म्हणजे पावणेपंधरा क्विंटल. दोहोंतला फरक सव्वानऊ क्विंटलांचा आहे. त्या सव्वानऊ क्विंटलांच्या बदल्यात मुलाला नेमके काय अधिक मिळते, हे पाहिल्यावाचून दुकानाची पायरी चढू नये.

अक्षर किती आण्यांचे?

मोठ्या पाटीचा खरा लाभ एकच, आणि तो डोळ्यांचा आहे. शाळेची पुस्तके आज 'दीक्षा' या २०१७ साली सुरू झालेल्या सरकारी मंचावर विनामूल्य मिळतात. परंतु ही पाने मुळात कागदावर छापण्यासाठी रचलेली असतात. नेहमीच्या ए-४ कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर असते. लहान पाटी उभी धरली तर तिच्या पडद्याची रुंदी जेमतेम सव्वाअकरा सेंटिमीटर भरते. तेवढ्या जागेत ते पान बसवायचे म्हणजे रुपयाचे अक्षर साडेआठ आण्यांचे होते. आयपॅडच्या पडद्याची रुंदी पावणेसोळा सेंटिमीटरांच्या आसपास आहे. तेथे तेच अक्षर बारा आण्यांचे दिसते.

इंग्रजी अक्षर लहान झाले तरी कसेबसे वाचता येते. आपल्या लिपीचे तसे नाही. तिची अर्धी ओळख वरच्या टिंबांत, रफारांत नि मात्रांत असते. एक अनुस्वार दिसला नाही तर 'चिंता'ची 'चिता' होते! आपल्या भागातील मुले घरी मराठी किंवा पोवारी बोलतात आणि शाळेत हिंदी पुस्तके वाचतात. म्हणजे अक्षर कोणत्याही भाषेतले असो, लिपी देवनागरीच. रोज तास-दोन तास अशी बारीक अक्षरे वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांना शीण होणारच.

तथापि लहान पाटीलाही एक उपाय आहे. ती आडवी धरावी. आडवी धरली असता पडद्याची रुंदी सुमारे १९ सेंटिमीटर होते आणि अक्षर साडेचौदा आण्यांपर्यंत मोठे दिसते. पूर्ण पान एका नजरेत येत नाही, बोटाने वर सरकवीत वाचावे लागते. परंतु गोष्ट किंवा धडा वाचताना त्याने फारसे अडत नाही. भूमितीची आकृती एका टोकाला आणि तिचे स्पष्टीकरण दुसऱ्या टोकाला असले, की मात्र अडचण होते. यावरून वयाचा हिशेब सुचतो. प्राथमिक शाळेतील मूल मुख्यतः धडे ऐकते नि चित्रे पाहते. त्याला लहान पाटी पुरते. आठवी-नववीपासून पुढे मोठा पडदा उपयोगी पडू लागतो.

मोठी म्हणजे महागच नव्हे

येथेच आपल्याकडे एक घोटाळा होतो. 'मोठी' आणि 'भारी' या दोन गोष्टी आपण एकच समजतो. डोळ्यांना पडदा मोठा लागतो. नाव मोठे लागत नाही. त्या 'टॅब ए-९' बरोबरच २०२३ साली तिची ११ इंची थोरली बहीणही निघाली. तिचे २०,९९९ रुपयांचे रूप धानाच्या मापाने सुमारे नऊ क्विंटलांचे होते. तिच्यावर उभ्या पानाचे अक्षर सव्वाअकरा आण्यांचे दिसते. आयपॅडच्या बारा आण्यांपेक्षा ते पाऊण आण्याने कमी आहे आणि किंमत जवळजवळ सहा क्विंटलांनी कमी आहे.

मग भारी वस्तूत काहीच नाही काय? आहे. तिचे यंत्र वेगवान असते आणि कंपनी तिला अधिक वर्षे नवी प्रणाली पुरविते. २०२० साली निघालेल्या आयपॅडला २०२५ ची नवी प्रणालीही मिळाली. स्वस्त पाट्यांपैकी पुष्कळांना ही सेवा लवकर बंद होते आणि पाटी धडधाकट असूनही नवे कार्यक्रम तिच्यावर चालेनासे होतात. परंतु हाही लाभ मोजून घ्यावा. १२,९९९ रुपयांची पाटी तीनच वर्षे टिकली असे धरले, तर वर्षाला ४,३३३ रुपये पडतात. ३४,९०० रुपयांची पाटी तितकीच स्वस्त पडावी म्हणून ती आठ वर्षे चालली पाहिजे. आणि तीही अंगणात, ओट्यावर, तीन भावंडांच्या हातून एकदाही फरशीवर न पडता. ज्या घरात ती इतकी जपली जाईल, त्या घराने ती खुशाल घ्यावी.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा बोलली जात नाही. वर दिलेल्या किमती सिम न लागणाऱ्या रूपांच्या आहेत. अशी पाटी वडिलांच्या मोबाईलवरून इंटरनेट घेते. वडील मोबाईल घेऊन शेतावर गेले, की पाटी मुकी होते. सिम लागणारा तोच आयपॅड ४९,९०० रुपयांचा, म्हणजे एकवीस क्विंटलांचा! त्यापेक्षा रात्री वडील घरी असताना दुसऱ्या दिवसाचे धडे पाटीत उतरवून ठेवावे, हे बरे. त्यासाठी साठवणीची जागा हवी. वर सांगितलेल्या दोन्ही सॅमसंग पाट्यांत वेगळे मेमरी कार्ड घालता येते. आयपॅडमध्ये ती सोय नाही. लेखणी आणि कळफलकही वेगळ्या पैशांचे असतात. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला होऊ नये.

स्वस्ताईचे दोन धडे

याच्या उलट टोकाचा मोहही सांभाळावा. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तत्कालीन मंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' ही सात इंची पाटी देशापुढे ठेवली. सरकारला ती सुमारे सव्वादोन हजारांना पडत होती. हेतू उदात्त होता. परंतु पडदा जोर देऊन दाबावा लागे आणि यंत्र फार संथ होते. पुढल्याच वर्षी अधिक चांगल्या पडद्याची 'आकाश-२' काढावी लागली.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. रायगड जिल्ह्यातील खैराट येथील धनगरवाड्याच्या लहानशा शाळेत २००७ साली मुलांना प्रत्येकी एक छोटा संगणक देण्यात आला. त्याचा पडदा अवघा साडेसात इंचांचा होता. परंतु तो भर उन्हातही वाचता येईल आणि थोड्या विजेवर चालेल असा केलेला होता. ती वस्तू लहान होती, पण ती कोण आणि कोठे वापरणार याचा विचार करून घडविलेली होती.

मात्र तेच संगणक पेरू देशात लक्षावधी मुलांना वाटल्यानंतर जी पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात गणित व भाषा या विषयांत मुलांची प्रगती वाढल्याचे आढळले नाही. शेजारी बसून 'आज काय वाचलेस?' असे विचारणारे माणूस कोणत्याच पेटीत मिळत नाही.

मग काय करावे?

एकच मूल, तेही लहान वर्गात, असे असेल तर लहान पाटी घ्यावी. दोन-तीन भावंडे मिळून वापरणार असतील, किंवा मूल वरच्या वर्गात असेल, तर मोठी पण साधी पाटी घ्यावी. भारी पाटी त्यांनीच घ्यावी, ज्यांचे चित्रकलेचे किंवा कमाईचे काम तिच्यावर चालणार आहे आणि ज्यांच्या गाठीला रोख पैसा आहे. मध्यप्रदेश मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यांना राज्य सरकारने २०२५ सालीही लॅपटॉपसाठी २५,००० रुपये दिले; मूल अभ्यासू असेल तर त्याच्यासाठी आजच मोठा खर्च करण्याची घाई नको. हप्त्यांनी तर मुळीच घेऊ नये. 'बिनव्याजी' म्हणतात त्या हप्त्यातही अनेकदा प्रक्रियेचे शुल्क असते किंवा रोखीची सूट बुडते. ऋण काढून सण करण्यापैकीच ते आहे.

आईबापांनो, दुकानात जाताना मुलाला आणि त्याचे पाठ्यपुस्तक बरोबर न्या. त्या पुस्तकातले एखादे पान दोन्ही पाट्यांवर उघडून घ्या आणि हातभर अंतरावरून मुलाला ते मोठ्याने वाचावयास सांगा. जी पाटी वाचताना ते अडखळणार नाही आणि डोळे बारीक करणार नाही, अशांपैकी जी सर्वांत स्वस्त, ती तुमची.