कथलाचा रोग

कल्हईवाला दारात आला की आई आधी विचारी, "कथील शुद्ध आहे ना?" शुद्ध तेच टिकते, असे मीही मानीत असे. ग्रंथालयातील एका पुस्तकाने तो समज मोडला.

तापमान १३.२ अंश सेल्सिअसखाली गेले की शुद्ध कथलातील अणूंची मांडणी बदलू लागते. आकारमान सुमारे २७ टक्के वाढते. धातू फुगतो, तडकतो आणि त्याची करडी भुकटी होते. साध्या थंडीत हा बदल अतिशय मंद असतो, उणे ३० अंशांच्या आसपास झपाट्याने होतो. भुकटीचा कण चांगल्या कथलाला लागला तर तेथेही लागण होते, म्हणून हा 'कथलाचा रोग'. युरोपातील थंड चर्चमध्ये ऑर्गनच्या नळ्यांना तो जडला. थोडे अँटिमनी, बिस्मथ किंवा शिसे मिसळले की तो रोखला जातो.

हे आईला सांगितले. ती म्हणाली, "असेल बाबा. पण आपल्या भांड्यांत शिसे नको." शिसे विषारी असते. शाळेत न गेलेली माझी आईही बरोबरच होती.