शाब्ली चाखताना

पांढरी वाइन पिताना बहुतेकजण आधी फळांचा वास शोधतात. अननस, आंबा, पिकलेला पीच. शाब्लीच्या ग्लासात यातलं फारसं काही सापडत नाही आणि मग ती ‘फिकी’ ठरते. हा तिच्यावर अन्याय आहे. शाब्लीत पाहायचा तो आंबटपणा. तो कुठून येतो आणि जिभेवर कसा वागतो हे समजलं की ही वाइन उलगडू लागते.

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, अगदी उत्तरेला, सरँ नदीच्या काठी शाब्ली हे छोटं गाव आहे. इथली वाइन केवळ शार्दोने या एकाच द्राक्षाची. हेच शार्दोने कॅलिफोर्नियाच्या उन्हात वाढलं तर फळांच्या वासाने भरून जातं. शाब्लीत ऊन बेताचं. द्राक्ष पिकतं, पण मण्यातलं आम्ल टिकून राहतं. या थंडीची किंमत शेतकरी मोजतो. एप्रिलमध्ये वेलींचे डोळे फुटतात आणि नेमका तेव्हाच रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. मग बागेत ओळीने शेगड्या पेटवतात, नाहीतर वेलींवर रात्रभर पाण्याचे तुषार सोडतात. पाणी गोठताना उष्णता देतं, त्यामुळे बर्फाच्या कवचात कोवळी फूट वाचते. एप्रिल २०२१च्या कडाक्यात मात्र फ्रान्सभरच्या बागा होरपळल्या, त्यांत शाब्लीच्याही होत्या.

इथली चुनखडीची माती सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाची. तिच्यात इवल्याशा कालवांचे जीवाश्म आजही हाताला लागतात. पावसाची पहिली सर पडल्यावर फरशीला येतो तसा वास शाब्लीला येतो, म्हणून तो या दगडांतूनच उतरला असं सांगितलं जातं. शास्त्रज्ञांना हे पटत नाही. मुळं पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार घेतात. दगडाची चव तशीच्या तशी मण्यात जात नाही. जमिनीचं काम वेगळं आहे. जादा पाण्याचा निचरा करायचा आणि वेलीला पुरेशी ओल द्यायची. त्या ‘दगडी’ जाणिवेत मोठा वाटा आम्लाचा आणि फळांच्या संयत वासाचा असतो. कालवांबरोबर शाब्ली पितात त्याचंही कारण हेच, खारट मांसाला तिचा आंबटपणा उठाव देतो.

शाब्लीच्या चार पायऱ्या आहेत: पेती शाब्ली, शाब्ली, प्रमिए क्रू आणि सर्वांत वर ग्राँ क्रू. ग्राँ क्रूचे सातही मळे नदीच्या उजव्या काठावर, नैऋत्येकडे तोंड करून असलेल्या एकाच डोंगरउतारावर आहेत. एकूण क्षेत्र जेमतेम १०० हेक्टर. दुपारचं ऊन तिथे जास्त मिळतं, म्हणून द्राक्ष अधिक भरतं.

बाटली फ्रिजमधून काढून लगेच ओतू नये. फार गार वाइनचा वास दबून जातो. १० ते १२ अंश सेल्सिअस पुरे. रंग फिकट सोनेरी, त्यात हिरवट झाक. आधी ग्लास न हलवता वास घ्यावा, मग हलकेच फिरवून पुन्हा घ्यावा. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, कधी चकमकीची आठवण. स्टीलच्या टाकीतली वाइन अधिक सरळ लागते. ओकच्या पिंपात राहिलेली थोडी भरीव.

घोट तोंडात सगळीकडे फिरवावा, गिळावा आणि थांबावं. जिभेच्या कडांना पाणी सुटतं, ती आम्लाची खूण. आंबटपणा नुसताच बोचत असेल तर वाइन अपुरी आहे. तो चवीला पुढे नेत असेल आणि पाठोपाठ खारट, लिंबाळ चव रेंगाळत असेल, तर वाइन उत्तम. जमल्यास एकाच उत्पादकाची, एकाच सालची साधी शाब्ली आणि प्रमिए क्रू शेजारी ठेवून पाहावी. दोन्हींचे वास बरेचसे जुळतील. खरा फरक चव किती वेळ टिकते यात सापडेल, आणि चढ्या किमतीचं समर्थन करायचंच तर ते तिथेच आहे.