एवढा मोठा मासा पकडला, मग परत पाण्यात का सोडला?

रील्स बघताना असा एखादा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. लांब उत्तरेतलं सरोवर, बोटीत आईबाप आणि दोन पोरं, भर जुलैत सगळ्यांच्या अंगात जाड जॅकेट. पोरगी घाम गाळून भलामोठा मासा वर आणते, फोटो निघतो आणि बाप तो मासा परत पाण्यात सोडतो. आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली, "अरे, कालवण गेलं की!"

हे असं का करतात, ते बघायला कॅनडातल्या ग्रेट बेअर लेकवर जाऊ.

हे सरोवर आहे थेट आर्क्टिक वर्तुळावर. क्षेत्रफळ साधारण ३१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या जवळपास दुप्पट. एवढ्या मोठ्या काठावर गाव मात्र एकच, डेलिने. तिथं देने या मूळ रहिवाशांची काहीशे लोकांची वस्ती. उन्हाळ्यात गावाला रस्ताच नसतो, हिवाळ्यात गोठलेल्या वाटेवरून गाड्या जातात. त्यामुळं मासेमारीला येणारी कुटुंबं येतात विमानानं, आणि हवा बिघडली की बसतात वाट बघत. हंगाम जेमतेम जुलै-ऑगस्टचा, कारण बाकी वर्षाचा मोठा काळ वर बर्फ असतं.

इथला राजा म्हणजे लेक ट्राउट. १९९५ मध्ये इथं गळाला ७२ पौंडांचा, म्हणजे साडेबत्तीस किलोंचा ट्राउट लागला होता.

पण खरी मेख वजनात नाही, वयात आहे. उन्हाळ्यातही इथलं मोकळं पाणी बर्फासारखं गार. अशा पाण्यात खाणं कमी, त्यामुळं मासा अगदी सावकाश वाढतो. अंडी घालण्याजोगा व्हायलाच त्याला दहा वर्षांहून जास्त काळ लागतो, आणि त्यानंतरही तो दरवर्षी अंडी घालत नाही. इथले काही ट्राउट पन्नाशी ओलांडतात. म्हणजे पोरीनं पकडलेला मासा तिच्या बापापेक्षाही वयानं मोठा असू शकतो. तो एक मासा घरी नेला, तर तेवढाच दुसरा तयार व्हायला अनेक दशकं जातात. आपल्याकडं पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवतात, त्यामागचा हिशोब थोडाफार असाच आहे.

म्हणून इथं गळही वेगळा लागतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकायचा, म्हणजे तोंड न फाटता गळ निघतो. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच थर त्याला रोगांपासून वाचवतो. मग पाण्यातच आडवा धरून ठेवायचा, शेपटी मारून स्वतः निघेपर्यंत. एवढं करूनही सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असं नाही. त्यामुळं फोटोसाठी पाच मिनिटं त्याला बाहेर लटकवणारे लोक मला तरी पटत नाहीत.

भिंतीवर लावायला हवाच असेल, तर मापं आणि फोटो घेऊन फायबरची हुबेहूब प्रतिकृती बनवून मिळते.

आणि कालवणाचं म्हणाल, तर कुणी उपाशी राहत नाही. एखादा लहान ट्राउट ठेवून घेतात. दुपारी बोट काठाला लावून लाकडं पेटवली जातात, कढईत बटाटे, कांदा आणि माशाचे तुकडे पडतात. पोरगी तिथंच दगडावर बसून जेवते.