परागाचें सूर्यकवच

फाल्गुनांत भामरागड तालुक्यांतील हेमलकशाकडे जाणाऱ्या प्रवाशास रानांत सावली म्हणून मिळत नाहीं. सागाचीं पानें गळालेलीं असतात आणि निष्पर्ण पळस मात्र फुलांनीं पेटलेला असतो. हा उन्हाचा तडाखा फुलांतील नाजूक परागास कसा सोसवतो, असा प्रश्न चौकस वाचकांच्या मनांत येईल.

पराग म्हणजे वनस्पतीचें पुरुषबीज वाहून नेणारा सूक्ष्म कण. परागकोश फुटला कीं तो उघड्यावर पडतो, आणि सूर्याचे अतिनील किरण आंतील बीजद्रव्याची हानि करूं शकतात. कणाचें बाह्य कवच स्पोरोपोलेनिन नामक अत्यंत चिवट द्रव्याचें असतें. त्यांतच पॅराकूमॅरिक व फेरुलिक हीं आम्लें गुंफलेलीं असून तीं हे किरण शोषून घेतात. (फेरुलिक आम्ल आपण रोज चाळून टाकतों त्या गव्हाच्या कोंड्यांतहि असतें!) विशेष हा, कीं किरणांचा मारा वाढला म्हणजे वनस्पति ह्या आम्लांचें प्रमाणहि वाढविते. कवच तर दगडांत कोट्यवधि वर्षें टिकतें. अर्थात् जुना परागकण ही त्या काळच्या उन्हाची नोंदच होय. पाइन वृक्षाच्या जुन्या परागांवरून असा हिशेब २०११ सालीं मांडण्यांत आला.

हेमलकशाच्या रानांत पाइन नाहीं. परंतु चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा ज्या ग्लॉसोप्टेरिस-अरण्यांपासून बनला, त्या काळच्या थरांत पाइनप्रमाणेंच दोन हवापिशव्यांचे परागकण सांपडतात. तेव्हां हा प्रदेश व दक्षिण तिबेट एकाच गोंडवन भूखंडावर होते. गोंडांच्या देशावरूनच हें नांव जगाच्या भूशास्त्रांत गेलें, हें आमच्या वाचकांस आवडेल.

त्याच दक्षिण तिबेटांतील सुमारें २५ कोटि २० लक्ष वर्षांपूर्वींचे परागकण चिनी व इंग्रज शास्त्रज्ञांनीं अवरक्त किरणांनीं तपासले. निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्या काळीं समुद्रांतील बहुतेक जीवजाति नष्ट झाल्या होत्या, आणि नेमक्या त्याच वेळच्या परागांत रक्षक आम्लें वाढलेलीं आढळलीं! सायबेरियांतील ज्वालामुखींच्या वायूंनीं ओझोनचा थर विरळ झाला असावा, असा त्यांचा तर्क आहे. अशीं द्रव्यें वाढलेला पाला पचावयास जड. तेव्हां तृणभक्षक प्राण्यांचेहि हाल झाले असावेत, असें ते म्हणतात. आम्हांस हा तर्क पटण्याजोगा वाटतो; तथापि एका प्रांताच्या परागावरून साऱ्या पृथ्वीचा निवाडा करणें घाईचें होईल. गोंडवनी परागांच्या अभ्यासाची परंपरा आपल्या देशांतहि आहे, डॉ. बिरबल साहनी यांनीं १९४६ सालीं लखनौस स्थापिलेली संस्था त्याच कामाबद्दल ख्यात आहे. चंद्रपूरच्या खाणींतील परागहि ह्याच कसोटीस लागावेत, अशी आमची इच्छा आहे.